न मागितलेले दान



यंदा बुद्धपौर्णिमा झाल्यावर आमच्या कोलशेतच्या महिला मंडळाने एक उपक्रम हाती घेतला. दरवर्षी आम्ही विहारात खिरीचे पातेले चढवतो, मुलांच्या वक्तृत्व स्पर्धा घेतो, वह्या वाटतो. यंदा ठरले की, समोरच्या येऊरच्या डोंगरात आदिवासी पाडे आहेत, तिथे जाऊन कपडे आणि खाऊ वाटायचा. घरोघर फिरून जुने कपडे जमा केले, धुतले, घड्या घातल्या. दोन गोण्या साड्या, एक गोणी लहान मुलांचे कपडे, बिस्किटांचे चार खोके. एका भावाने टेम्पो दिला, डिझेलचे पैसेही घेतले नाहीत. उपवनच्या बाजूने घाट चढून आम्ही अकरा बायका आणि पाच-सहा मुले एका पाड्यावर पोहोचलो.

पाड्यावर स्वागत झाले नाही, तसे कोणी हटकलेही नाही. मे महिन्याचे ऊन. नळापाशी हंड्यांची रांग लागलेली. बाजूच्याच बंगल्याच्या हिरवळीवर मात्र पाण्याचे फवारे फिरत होते. आम्ही गोण्या सोडल्या. मुले बिस्किटांवर आली, बायका मात्र जागच्या हलल्या नाहीत. शेवटी एक म्हातारी आजी पुढे आली. तिने वरची साडी हातात घेतली, पदर उलगडून पाहिला आणि परत नीट घडी करून गोणीवर ठेवली. म्हणाली, "कापडं आहेत आमच्याकडं, बाय. तुम्ही एवढ्या शिकलेल्या दिसता. आमचा कागुद कुठं अडकलाय तेवढं बघाल का?"

आम्हाला काही सुचेना. आमच्यातली एक बाई हळूच पुटपुटली, "काय पण ताठा!" टेम्पो परत निघाला तेव्हा दोन गोण्या तशाच होत्या.

घाट उतरताना कोणी बोलत नव्हते. तेवढ्यात मंडळातल्या सगळ्यांत वयस्कर आई म्हणाल्या, "ताठा नव्हता गं तो. माझ्या सासूला विचारायला हवं होतं." मग त्यांनी सासूची गोष्ट सांगितली. गावी सणाच्या दुसऱ्या दिवशी पाटलाच्या वाड्यावरून शिळ्या भाकरी वरून पदरात टाकल्या जात. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितले की उष्टे-शिळे मागू नका, मेलेल्या ढोराचे मांस खाऊ नका, मानाने जगा. ते वारे गावोगाव पोहोचले. एके वर्षी सासू वाड्यावर गेलीच नाही. वाड्यातून निरोप आला, "काय ताठा आलाय या लोकांना!"

टेम्पोत एकदम शांतता पसरली. जो शब्द आमच्या आजीला ऐकावा लागला, तोच आज आम्ही दुसऱ्या एका आजीसाठी वापरला होता.

म्हणून यंदाचे हे सदर. आपण दान कोणाला, काय आणि कोणाला विचारून देतो, आणि ज्या माणसांना आपण "मागासलेले, जंगलातले" म्हणतो त्यांचा आपल्यावर काय हक्क आहे, याचा थोडा विचार करू या.

समोरचा डोंगर कोणाचा?

कोलशेतच्या कुठल्याही गच्चीवर चढा, पश्चिमेला येऊरचा हिरवा डोंगर दिसतो. आमचे वडील, सासरे इथे आले ते रासायनिक कारखान्यांत कामाला. कोणी मराठवाड्यातून, कोणी सातारा-सांगलीकडून, कोणी नाशिक-खानदेशातून. इथली मूळ वस्ती आगरी-कोळी बांधवांची. तेव्हा घोडबंदर रस्त्याला रात्री सातनंतर माणूस दिसत नसे. कारखाने गेले, त्या जागी तीस-तीस मजली टॉवर उभे राहिले. डोंगर मात्र तिथेच आहे, कारण तो राष्ट्रीय उद्यानात आहे. हे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात बिबट्यासह जंगल शिल्लक आहे, हे जगात क्वचितच आढळते. याच जंगलात मुंबईला पाणी देणारे विहार आणि तुळशी हे तलाव आहेत. विहार १८६० साली पूर्ण झाला, तुळशी १८७९ साली.

आणि याच जंगलात आपली कान्हेरी आहे. शंभराहून अधिक लेणी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून हजारभर वर्षे भिक्खू तिथे राहिले. तिथे गेलात तर नुसते स्तूप आणि चैत्य पाहून परतू नका. प्रत्येक लेण्यापाशी दगडात कोरलेले पाण्याचे टाके पाहा. डोंगरावर पडलेले पावसाचे पाणी पन्हळीने टाक्यात यायचे आणि वर्षभर पुरायचे. हजार वर्षे माणसे राहिली आणि जंगल जंगलच राहिले. जंगलात राहायचे म्हणजे ते संपवायचे असे नाही, हे आमच्या भिक्खूंना कळत होते.

तेच वारली, कोळी महादेव, मल्हार कोळी, कातकरी यांना कळत होते. येऊरच्या अंगाला पाटोणापाडा, जांभूळपाडा, रोनाचा पाडा, वणीचा पाडा, भेंडीपाडा असे पाडे आहेत. ही माणसे उद्यान झाल्यावर आलेली नाहीत. उद्यान त्यांच्या अंगणात आले. आधी इंग्रजांच्या काळात जंगल सरकारजमा झाले, मग उद्यान झाले, आणि एक दिवस घरात बसलेल्या माणसाला कळले की तो स्वतःच्याच घरात "अतिक्रमण" झाला आहे.

हा शब्द आम्हाला परका नाही. ७ मे १९९७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला आणि नंतरच्या काळात हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. १ जानेवारी १९९५ च्या आधीचा पुरावा दाखवा, नाहीतर घर सोडा. त्या झोपड्यांत आपलीही माणसे होती. रेशनकार्ड, मतदारयादी, वीजबिल शोधत रात्री जागवणाऱ्या आया-बहिणी अनेकांना आठवत असतील. जंगल वाचले पाहिजे यात वाद नाही. पण जंगलाच्या कडेचा बंगला आणि कडेची झोपडी यांना एकच फूटपट्टी लागली का, एवढे विचारायला काय हरकत आहे?

वारली कधीच गप्प नव्हता

आम्हाला वाटते आदिवासी भोळा, अडाणी, त्याला कोणीतरी जागे करायला हवे. आपल्याच ठाणे जिल्ह्याचा इतिहास पाहा. डहाणू-तलासरी-उंबरगावकडे जमीनदार आणि सावकार वारल्यांकडून फुकट वेठ घेत. लग्नासाठी कर्ज घेतले की नवरा-बायको दोघेही सावकाराचे गुलाम. त्याला "लग्नगडी" म्हणत. ७ जानेवारी १९४५ रोजी कल्याणजवळच्या टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले. तिथे वारली आले आणि परत जाऊन त्यांनी सांगितले की आता वेठ नाही. गोदावरी परुळेकर आणि श्यामराव परुळेकर त्या लढ्यात होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याचे साथी पडले. पण वेठ गेली ती गेलीच.

आपल्या वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हे श्यामराव परुळेकर १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात निवडून आले होते. खोती मोडण्याच्या लढ्यात ते बाबासाहेबांबरोबर होते. पुढे त्यांची वाट वेगळी झाली. पण कोकणातला कुळ, गावकुसाबाहेरचा महार आणि डहाणूचा वारली यांचे दुःख एकाच झाडाच्या फांद्या आहेत, हे त्या पिढीला समजले होते. आम्हाला मात्र टेम्पोतून उतरताना ते समजले नाही.

ज्यांना आपण भेटायलाच जाऊ नये

येऊरचे वारली आपल्या बाजारात येतात, आपली भाषा बोलतात, मुले शाळेत घालतात. पण जगात अशीही माणसे आहेत ज्यांनी बाहेरच्यांशी संबंधच ठेवायचा नाही असे ठरवले आहे. आमच्या विहारातल्या रविवारच्या वर्गात एका मुलाने विचारले, "मोबाइलवर दाखवलं की अंदमानला लोक बाण मारतात. त्यांना शहरात आणून शिकवत का नाहीत?" प्रश्न चांगला आहे. उत्तर सरळ सांगू.

१८५८ साली इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत केली. तेव्हा ग्रेट अंदमानी लोक अंदाजे पाच हजारांच्या वर होते. इंग्रजांनी त्यांना "सुधारायला" घर काढले, कपडे दिले, दारू-तंबाखू दिली. बरोबर रोगही दिले. १८७७ साली गोवराची साथ आली. आपल्या पोराला गोवर आला तर आपण कडुनिंबाच्या डहाळीवर निजवतो आणि आठवड्यात पोर खेळू लागते, कारण आपल्या रक्तात पिढ्यान्‌पिढ्यांची ताकद आहे, लस आहे. ज्यांनी तो रोग कधी पाहिलाच नाही, त्यांच्यात अख्खी वस्ती झोपते. पाणी आणून द्यायलासुद्धा कोणी उठत नाही. १९६१ च्या जनगणनेत ग्रेट अंदमानी उरले अवघे १९. २०१० साली बोआ सीनियर ही म्हातारी वारली आणि तिच्याबरोबर "बो" भाषा बोलणारे शेवटचे तोंड मिटले. शेवटच्या काळात तिच्याशी तिच्या भाषेत बोलायला कोणी नव्हते.

तिथेच जारवा राहतात. त्यांच्या जंगलातून सरकारने मोठा रस्ता नेला. १९९८ च्या सुमारास ते बाहेर येऊ लागले, आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवर पसरला. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रस्ता जारवांच्या भागात बंद करायला सांगितले, तरी गाड्यांचे ताफे पुढे चालूच राहिले. पर्यटक गाडीतून केळी आणि बिस्किटे फेकायचे. २०१२ साली तर खाण्याच्या बदल्यात जारवा मुलींना नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गेली.

बिस्किटे! हे वाचताना आम्हाला आमचे चार खोके आठवले. आमचा हेतू तसा नव्हता, हे खरे. पण ज्याच्या हातात बिस्किट पडते त्याला आपला हेतू दिसत नाही, आपला हात वरून आलेला दिसतो.

उत्तर सेंटिनेल बेटावरच्या लोकांनी हे सगळे दुरून ओळखले असावे. ते कोणालाच उतरू देत नाहीत. २००४ च्या त्सुनामीनंतर पाहणीला गेलेल्या हेलिकॉप्टरवर त्यांनी बाण रोखला. आम्ही जिवंत आहोत, तुम्ही जा, असेच जणू सांगितले. नोव्हेंबर २०१८ मध्ये धर्मप्रचार करायला चोरून उतरलेला एक अमेरिकन तरुण त्यांच्या बाणांनी मेला. तरुण मेला हे वाईटच. पण ज्या घराचे दार लावलेले आहे ते ढकलून आत जाऊ नये, हे आपण आपल्या मुलांनाही शिकवतोच. १९५६ चा कायदा आहे, की या जमातींच्या भागात परवानगीशिवाय जायचे नाही.

आणि संविधानात याची सोय आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? कलम १९ ने प्रत्येक भारतीयाला देशात कुठेही फिरण्याचा, कुठेही राहण्याचा हक्क दिला. ज्याला गावात पाणवठ्यावर जाता येत नव्हते त्याला त्या हक्काची किंमत विचारा. पण त्याच कलमाच्या पाचव्या पोटकलमात म्हटले आहे की अनुसूचित जमातींच्या हिताच्या रक्षणासाठी या फिरण्या-राहण्यावर वाजवी बंधने घालता येतील. म्हणजे ज्या संविधानाने आमच्यासाठी दारे उघडली, त्याच संविधानाने दुबळ्याला स्वतःचे दार लावून घेण्याची सोय ठेवली. मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते. दोन्ही गोष्टी एकाच पानावर आहेत आणि दोन्हींचे मूळ एकच, माणसाचा मान.

ग्रेट निकोबारचे जंगल

आता सध्याची गोष्ट. देशाच्या अगदी दक्षिण टोकाला ग्रेट निकोबार नावाचे बेट आहे. सुमारे ९१० चौरस किलोमीटर, बहुतेक सगळे घनदाट वर्षावन, म्हणजे बारा महिने ओले, कधी पान न झडणारे अरण्य. तिथे शोम्पेन नावाची जमात राहते. २०११ च्या जनगणनेत त्यांची नोंद आहे २२९. आमच्या एका चाळीत याहून जास्त माणसे आहेत. ते शिकार करतात, केवड्याच्या कुळातल्या एका झाडाचे फळ शिजवून खातात, आणि त्यातले बरेच जण बाहेरच्यांना भेटत नाहीत. किनाऱ्यावर निकोबारी लोक राहत. २००४ च्या त्सुनामीत त्यांची गावे वाहून गेली. सरकारी वसाहतीत आणलेल्या त्या माणसांना अजून आपल्या जुन्या गावी परतायचे आहे. १९६९ पासून या बेटावर माजी सैनिकांची कुटुंबे वसवली गेली, त्यांत महाराष्ट्रातलीही आहेत. म्हणजे हे बेट आपल्याला वाटते तेवढे परके नाही.

या बेटावर मोठे बंदर, विमानतळ, वीज प्रकल्प आणि नवे शहर उभारायचे ठरले आहे. मंजुरीच्या वेळी खर्च सांगितला गेला सुमारे ७२ हजार कोटी रुपये. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात वन आणि पर्यावरण खात्याच्या मंजुऱ्या मिळाल्या. त्यासाठी १३० चौरस किलोमीटरहून अधिक जंगल वळवायचे. म्हणजे येऊर, कान्हेरी, तुळशी, विहार सगळे धरून आपले आख्खे उद्यान, आणि वर आणखी पाऊण पट नसले तरी पाव पट. सरकारनेच संसदेत सांगितलेला झाडांचा अंदाज होता ९ लाख ६४ हजार. बदल्यात झाडे लावायची ठरली ती हरियाणात! आठ हजार वस्तीच्या बेटावर पुढे साडेतीन लाख माणसे येतील असा आराखडा आहे. ज्या शोम्पेनना साधा सर्दी-ताप जीव घेईल, त्यांच्या शेजारी साडेतीन लाख.

निकोबारींच्या आदिवासी मंडळाने आधी संमती दिली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी ती मागे घेतली. त्यांचे म्हणणे, आम्हाला सगळी माहिती दिली नव्हती, आमच्या पूर्वजांची गावे यात जात आहेत हे नंतर कळले. आपल्या वस्तीत बिल्डर कोऱ्या कागदावर सह्या घेऊन जातो तेव्हा आपण काय म्हणतो? हेच म्हणतो. आणि शोम्पेनना तर कोणी विचारणार कसे? ज्याला भेटणेच धोक्याचे, त्याची सही घेणार तरी कशी? त्यांचे उत्तर एवढेच, की ते बाहेर येत नाहीत. न येणे हाच त्यांचा नकार मानला पाहिजे.

ब्राझीलने हे मान्य केले. १९८७ पासून तिथल्या सरकारचे धोरण आहे की ॲमेझॉनच्या जंगलात एकटे राहणाऱ्या जमातींकडे आपणहून जायचे नाही, त्यांच्या जंगलाभोवती हद्द आखायची आणि पहारा ठेवायचा. तरीही लाकूडतोडे आणि सोने शोधणारे घुसतात. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथे एक माणूस झोळीत मरून पडलेला सापडला. त्याच्या जमातीतले बाकी सगळे मारले गेले होते. तो पंचवीस-तीस वर्षे एकटा राहिला. त्याचे नाव कोणालाच कळले नाही. झोपडीत खोल खड्डे खणायचा म्हणून त्याला "खड्ड्याचा माणूस" म्हणत. जंगल वाचले तरच माणूस वाचतो, आणि माणसे गेली की जंगलाची राखणही जाते.

मग त्यांनी शिकू नये का?

हे सगळे विहारात बोलत होतो तेव्हा एक ताई उठल्या. म्हणाल्या, "बाबासाहेबांनी आम्हाला सांगितलं शिका. गाव सोडा, शहरात या. मग आदिवासींनी जंगलातच राहावं हे कसलं तत्त्वज्ञान? आम्हालाही कोणी असंच म्हणालं असतं, की तुमची संस्कृती जपा, तर?"

ताईंचे बरोबर आहे. "तुम्ही जंगलातच छान दिसता" असे म्हणणारा माणूस आणि "तुम्ही गावकुसाबाहेरच बरे" म्हणणारा माणूस यांच्यात फारसा फरक नाही. येऊरची वारली मुलगी वकील व्हायला निघाली तर तिला शिष्यवृत्ती वेळेवर मिळाली पाहिजे, वसतिगृहात चांगले जेवण मिळाले पाहिजे. त्यासाठी आपण तिच्याबरोबर मोर्चात गेले पाहिजे. आणि शोम्पेन म्हणत असतील आम्हाला नको, तर त्यांचे जंगल त्यांच्याकडे राहिले पाहिजे. जायचे की राहायचे हे कोणी ठरवायचे, एवढाच प्रश्न आहे. १९५६ साली नागपूरला आम्हाला कोणी ढकलून नेले नव्हते. आम्ही आपल्या पायांनी गेलो होतो.

आणखी एक गोष्ट आम्ही लपवणार नाही. मानपाड्याहून बोरिवलीला डोंगराखालून बोगदा होतो आहे. १३ जुलै २०२४ रोजी त्याचे भूमिपूजन झाले. आमच्यातल्या कितीतरी जणांची मुले बोरिवली-कांदिवलीला कामाला जातात, घोडबंदरच्या कोंडीत दोन-दोन तास उभी राहतात. बोगदा झाला तर आम्हाला सोयीचेच होईल. म्हणूनच हे लिहिणे सोपे नाही. पण आमची सोय होते म्हणून दुसऱ्याच्या घराचे काय झाले ते विचारायचेच नाही, हे आम्हाला शोभत नाही. पंचशीलात आपण म्हणतो की न दिलेले घेणार नाही. ते फक्त शेजाऱ्याच्या तांब्या-पितळेला लागू नाही. जंगलालाही लागू आहे, जमिनीलाही आणि दुसऱ्याच्या होकारालाही.

आजीचा कागद

आजीने मागितला तो कागद कोणता? २००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला, २००८ च्या सुरुवातीपासून तो अमलात आला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी वनजमिनीवर राहतो किंवा ती कसतो, त्याला त्या जमिनीचा हक्क मिळतो, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत. बिगर-आदिवासी असेल तर तीन पिढ्यांचा म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास लागतो. गावाला मिळून सामूहिक हक्कही मिळतो. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर तो मिळवला आणि पुढे आपला बांबू आपण विकला. आणि आपल्या राज्यातल्या कातकरी, कोलाम, माडिया गोंड अशा अति दुर्बल जमातींना तर आपल्या साऱ्या वसतिस्थानाचा हक्क या कायद्यात सांगितला आहे. यातले किती कातकरी भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर उचल घेऊन राबतात, ते आपण रोज पाहतो.

दावा ग्रामसभेची वनहक्क समिती तपासते, मग तो उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हा समितीकडे जातो. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कोणाला जमिनीवरून काढता येत नाही. पुरावा म्हणून जुने कागद चालतात, आणि वडीलधाऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबही चालतो. जंगल शहराच्या हद्दीत असेल तर हक्क नाही, असे या कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. पण शहरात ग्रामसभा कुठली, याच घोळात फायली फिरत राहतात.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी टेम्पो नव्हता. तिघी बायका आणि आमच्या वस्तीतले एक निवृत्त कारकून भाऊ, ज्यांनी आयुष्यभर अर्जच लिहिले. आजीच्या अंगणात चटई टाकली. भाऊंनी विचारायचे, आजीने सांगायचे. सासरा कुठल्या चिंचेखाली पुरला, भात कुठल्या ओहोळापर्यंत लावायचो, कोणत्या वर्षी आंब्याचे झाड पडले. भाऊ लिहीत गेले. तीन घरांचे जबाब झाले. एका कार्यालयात तीन खेपा घालाव्या लागल्या, पहिल्या दोनदा साहेब जागेवर नव्हते. तिसऱ्या खेपेला पोच मिळाली. निकाल अजून लागलेला नाही. लागेल तेव्हा लिहू.

तोवर आपल्या हातातले काय? येऊरला रविवारी जाल तर स्पीकर नेऊ नका, प्लॅस्टिक परत आणा, कोणाच्या अंगणात शिरून विचारल्याशिवाय फोटो काढू नका. आदिवासीची जमीन स्वस्तात मिळते म्हणून कोणी प्लॉट दाखवला तर पायरी चढू नका. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे परवानगीशिवाय असा व्यवहार होत नाही, आणि झाला तर तो पाप आहे ते वेगळेच. वस्तीत अर्ज लिहिणारा, निवृत्त तलाठी, कारकून, वकिलीला शिकणारा मुलगा असेल तर त्याला महिन्यातला एक रविवार मागा. आणि मुलांना सांगा की शोम्पेन आणि सेंटिनेली ही "रानटी" माणसे नाहीत. ती आपल्या घरात राहणारी माणसे आहेत.

जूनच्या पहिल्या पावसानंतर तीच आजी ठाण्याच्या बाजारात भेटली. पुढ्यात शेवळांच्या जुड्या मांडून बसली होती. आम्ही चार जुड्या घेतल्या. वरचे दहा रुपये राहू दे म्हणालो. आजीने मान हलवली, कनवटीची पिशवी सोडली, दहा रुपये मोजून हातावर ठेवले. मग मूठभर काकडे पुडीत बांधून दिली आणि म्हणाली, "शेवळात ही घाला बरं का, नाहीतर घसा खवखवल. आणि कागदाचं कळवा."

शेवळे फार चांगली झाली. कागदाचे कळवायचे आहे.

जयभीम.